ओगबोनोसाठी बी कोणते: गोड इर्विंजिया की कडू?

ओगबोनो म्हणजे इर्विंजिया झाडाच्या बियांची पूड घालून केलेले पश्चिम आफ्रिकेतले दाट सूप. नायजेरिया-कॅमेरूनच्या जंगलांतल्या इर्विंजिया गॅबोनेन्सिस आणि इर्विंजिया वोम्बोलू या दोन झाडांची फळे आंब्यासारखी दिसतात, पण आंब्याशी त्यांचे नाते नाही. गॅबोनेन्सिसचा गर गोड. फळ पावसाळ्यात येते आणि ताजेच खातात. वोम्बोलूचा गर कडू असतो, म्हणून ढीग लावून तो कुजू देतात आणि मग कोय फोडतात. त्याचा हंगाम कोरड्या दिवसांत येतो.

दोन्ही बियांत निम्म्याहून जास्त चरबी असते, मुख्यतः खोबरेल तेलातही असणारी लॉरिक आणि मिरिस्टिक आम्ले. दाटपणा आणि भेंडीसारखी तार मात्र वोम्बोलूची सरस. केवळ सूपसाठी घ्यायचे असेल तर तेच घ्यावे. फळही खायचे असेल तर गॅबोनेन्सिस.

चार जणांना साधारण अर्धी वाटी पूड पुरते. मंद आचेवर पाम तेलात ती विरघळवावी, मग गरम रस्सा थोडा थोडा घालत ढवळावे. सगळा एकदम ओतला तर गुठळ्या होतात. आच मोठी झाली तर पूड करपते आणि तार जाते. बी अर्धवट वाळवून साठवले तर बुरशी धरते. दळलेली पूड लवकर खवट होते, म्हणून लागेल तेवढीच दळावी.