एवढ्याशा किड्याचे ६,७०० रुपये

मी परभणीचा, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेला. सोल्डरिंग आजही हातात आहे. तरी फसलो, लाज सोडून लिहितोय.

वडिलांच्या जुन्या प्रीअँपमध्ये (अँप्लिफायरच्या आधीचा डबा) चार टीएल०७१ होते, म्हणजे सिग्नल वाढवणारे आठ पायांचे छोटे आयसी (चिप). आवाज ठणठणीत, खाज मलाच सुटली. संभाजीनगरातला दुकानदार म्हणाला, "काका, ओपीए६२७ टाका, मग ऐका." तसाच, पण महागातला आयसी. चार नग, प्रत्येकी १,४५०, म्हणजे ५,८००. मजुरी ९००. एकूण ६,७०० रुपये यूपीआयने. पावती "नंतर देतो". खरा ६२७ एवढ्या पैशांत येत नाही हे मला माहीत होतं. जुना स्टॉक असेल, अशी मीच माझी समजूत घातली. जुने आयसीही त्याच्याकडेच राहिले. तुम्ही तसं करू नका, जुने मागून घ्या.

तिथेच कळायला हवं होतं. चारही आयसींवर पांढरीशुभ्र अक्षरं, आणि एक नंबरचा पाय ओळखायची खळी काळ्या रंगानं बुजलेली! बोट फिरवलं तर पाठ खरखरीत, म्हणजे जुनं नाव घासून नवं छापलेलं. विचारलं. "नवा लॉट आहे." आणि मी गप्प. घरी चालू केलं, तर बफरच्या (सिग्नल न वाढवता पुढे देणाऱ्या भागाच्या) आयसीवर बोट ठेववेना. फोनवर म्हणतो, "भारी आयसी गरमच चालते." तेही गिळलं. चौथ्या दिवशी ट्वीटर (बारीक आवाजाचा स्पीकर) गेला, १,१५० रुपये.

मित्राकडे स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) पाहिलं. इनपुट मोकळं, तरी आउटपुटवर मेगाहर्ट्झची पट्टी. कानाला काही ऐकू येत नाही, ट्वीटर मात्र जळतो. ॲसिटोनचा बोळा फिरवताच अक्षरं बोळ्यावर. एकावर नीट न घासलेलं "५५३४" निघालं, दुसऱ्याच आयसीचा नंबर. ५५३४ तिनाच्या खालच्या गेनला (सिग्नल किती पट वाढतो ते) तसाच लावला तर डोलतो, म्हणजे आपोआपच सिग्नल काढत राहतो, आणि बफरचा गेन एक. पाच आणि आठ नंबरच्या पायांमध्ये २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकला, डोलणं लगेच गप्प. खऱ्या ६२७ च्या आठव्या पायाला आत काही जोडलेलंच नसतं, तिथे कपॅसिटर लावून काय होणार? आधी ॲसिटोन, मग पैसे.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, "काका, एवढ्याशा किड्याचे सहा हजार?" सगळे हसले. साहेबांच्या मते हा दिवाणी मामला. हेल्पलाइनवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवले. परभणीचे पोलीस म्हणाले गुन्हा संभाजीनगरचा, तिकडचे म्हणाले तक्रारदार परभणीचा. दोन खेपांचं एसटी भाडं गेलं, अर्जावर शिक्का मारायला एक माणूस तयार नाही. चोर दुकानात बसलाय आणि पुरावे गोळा करत मी फिरतोय!

आता ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पावती नाही. यूपीआयचा स्क्रीनशॉट आहे, चार बोडके आयसी आहेत, आणि पांढरा डाग पडलेला तो बोळा पाकिटात जपून ठेवलाय.