मरीन सॉल्टच्या नावाखाली खडेमीठ: माझा अनुभव

ठाण्याच्या घरी मी अकरा वर्षे गोड्या पाण्यातले मासे पाळत होतो. आधी गुरामी आणि एंजल, शेवटची तीन वर्षे डिस्कस. ज्याने डिस्कस जगवले तो काहीही जगवेल, असा एक समज आमच्या हौशी मंडळींत असतो आणि तो माझाही होता. खाऱ्या पाण्याची टाकी लावायला निघालो तेव्हा ज्या दुकानदाराकडे गेलो, त्याने हा समज पहिल्या दहा मिनिटांतच ओळखला असावा, कारण 'साहेब, तुम्हाला काय शिकवायचे?' हे वाक्य त्याच्या तोंडून त्या दिवशी चार-पाच वेळा तरी आले.

टाकी तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच, म्हणजे वाळू आणि आतले सामान वजा जाता सुमारे 165 लिटर पाण्याची. माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत रुजायला एरवी चार ते सहा आठवडे लागतात. ते टाळण्यासाठी दुकानदाराने आपल्याच टाकीत मुरलेले सिरॅमिकचे ठोकळे दिले आणि तयार खारे पाणी वीस-वीस लिटरच्या जारांतून घरी आणून टाकी भरून दिली. क्लाउनफिशची जोडी आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक क्लीनर श्रिंप (कोळंबीची एक जात) आम्ही विकत घेतली. जाताना त्याने तळहाताएवढा जिवंत प्रवाळाचा तुकडा 'आमच्याकडून भेट' म्हणून टाकीत ठेवला आणि मोबाइलवर टाकीचे दोन फोटो काढले. पावती मागितली तेव्हा साध्या कागदावर 'फिशटँक सामान' एवढेच लिहून खाली एकूण रक्कम टाकली. मी ती घडी करून खिशात ठेवली.

महिनाभर सगळे उत्तम चालले. कारण साधे होते, पण ते मला फार उशिरा कळले: टाकीतले पाणी खरोखरच चांगल्या मरीन सॉल्टचे, म्हणजे समुद्राच्या पाण्यातले सगळे क्षार असलेल्या तयार मिश्रणाचे होते. फसवणूक होती ती पुढे पाणी बदलण्यासाठी त्याने दिलेल्या सुट्या सॉल्टमध्ये. दहा किलोची पारदर्शक पिशवी, वर कंपनीचे नाव नाही, भाव 220 रुपये किलो. 'परदेशी मालच आहे, मोठ्या बादल्यांतून काढून पॅक करतो, म्हणून स्वस्त पडतो,' असे तो म्हणाला. दर आठवड्याला चाळीस लिटर आर.ओ. पाण्यात मी सुमारे दीड किलो सॉल्ट विरघळवत असे, रिफ्रॅक्टोमीटरने 1.025 घनता मोजत असे आणि समाधानाने पाणी ओतत असे. पाणी नीट निवळत नसे आणि बादलीच्या तळाशी मळकट गाळ राहत असे, पण त्याचा मी विचार केला नाही.

दुसऱ्या बदलानंतर प्रवाळ मिटून राहू लागला. तिसऱ्यानंतर श्रिंप कात टाकता टाकता, अर्धी कात अंगावर असतानाच मेली. गोड्या पाण्यात कोणत्याही दुखण्यावर पहिला उपाय पाणी बदलण्याचा, हे माझ्या हाडात मुरलेले होते; दुकानदारानेही तेच सांगितले आणि आणखी दहा किलोची पिशवी दिली. म्हणजे ज्याने बिघडत होते तेच मी दुप्पट प्रमाणात घालू लागलो. पुढच्या पंधरवड्यात जोडीतली मोठी क्लाउनफिश खाईनाशी झाली आणि चौथ्या दिवशी गेली. तिचा जीव सॉल्टनेच घेतला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, परंतु प्रवाळ आणि श्रिंप यांच्याबाबत मला शंका नाही.

उलगडा झाला तो केएच, म्हणजे पाण्यातले बायकार्बोनेट मोजणाऱ्या टेस्ट किटमुळे. या तपासणीत पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकत जायचे आणि निळा रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे. चांगल्या समुद्री पाण्याला आठ-नऊ थेंब लागतात. माझ्या टाकीला तीन लागले. मग पिशवीतल्या सॉल्टचे ताजे पाणी कालवून तपासले, तर निळा रंग दिसलाच नाही. पहिल्याच थेंबाला नळीतले पाणी पिवळे झाले. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज लिटरमागे सुमारे 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम, 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सामू (पीएच) 8.2 च्या आसपास टिकवून धरणारे बायकार्बोनेट असते. मला मिळाले होते ते किराणा दुकानात पंधरा-वीस रुपये किलोने मिळणारे खडेमीठ, दळून बारीक केलेले. रिफ्रॅक्टोमीटर पाण्यात किती क्षार आहेत तेवढेच सांगतो, कोणते आहेत ते सांगत नाही, आणि मी दीड महिना त्याच्यावरच विसंबलो होतो.

किट, पिशवी आणि नळी घेऊन मी दुकानात गेलो. तो चिडला नाही. त्याने मोबाइल काढून माझ्याच टाकीतल्या प्रवाळाचा फोटो दाखवला आणि शांतपणे म्हणाला, 'करा तक्रार साहेब. फक्त हा कुठून आणला, तेही सांगावे लागेल.' आपल्या समुद्रातले प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते बाळगणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. हे त्याला पक्के ठाऊक होते, मला त्या दिवशी कळले. ती भेट कशासाठी होती, हेही तेव्हाच कळले. त्याने 900 रुपये परत देऊ केले आणि मी ते घेतले, हे लिहिताना आजही लाज वाटते.

चार महिने मी गप्प बसलो. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करावी, तर दाखवण्याजोगी पावती नव्हती. आणि तक्रार वाढली तर तो फोटो होताच. शेवटी ओळखीच्या एका वकिलांनी सांगितले की तुकडा फेकूही नका, लपवूही नका, कारण मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा बाळगणे हाही गुन्हाच आहे. तो कोणी, कधी आणि कसा दिला हे सविस्तर लिहून, सोबत ती 'फिशटँक सामान'वाली चिठ्ठी जोडून, मी गेल्या सोमवारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुकडा वन विभागाच्या कार्यालयात जमा केला. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच मिळाली आहे. या सगळ्या व्यवहारात माझ्या हाती आलेला शिक्क्याचा कागद तो एवढाच.