दूरसंचाराचं सरकारी काम: स्वतः निविदा, उपकंत्राट की भागीदारी?

गावोगावी फायबर नेणाऱ्या भारतनेटसारख्या सरकारी प्रकल्पाची पॅकेजं शेकडो कोटींची असतात. फायबर जोडणारी दोन स्प्लायसिंग मशीन आणि पंधरा माणसं असलेल्या फर्मला तिथे थेट शिरता येत नाही. मग वाट निवडताना नफ्याच्याही आधी एक गोष्ट बघावी: काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला कोणाच्या नावाने निघणार? कामांच्या निविदांत बहुधा गेल्या सात वर्षांतली तशीच तीन कामं प्रत्येकी अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची, किंवा दोन ५० टक्क्यांची, किंवा एक ८० टक्क्यांचं मागतात. हा दाखला नसेल तर सर्वात कमी दरही उघडला जात नाही.

स्वतः निविदा. जेम (सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल) किंवा केंद्राच्या ई-प्रोक्युअरमेंट पोर्टलवर पुरवठा आणि देखभालीची छोटी कामं निघतात. सूक्ष्म व लघु उद्योगांना केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीत ईएमडी, म्हणजे निविदेसोबतची अनामत रक्कम, माफ असते. तुमचा दर एल-वनच्या, म्हणजे सर्वात कमी दर भरणाऱ्याच्या, दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल, तर एल-वनच्या दराला येऊन मागणीचा किमान २५ टक्के भाग मिळवता येतो. पण ही सवलत दुसऱ्याचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही, आणि केबल टाकण्यासारख्या वर्क्स (बांधकाम-खोदाईच्या) कंत्राटालाही ती लागू होत नाही. इथेच बऱ्याच फर्म फसतात. जेमच्या बिडमध्ये अनुभव व उलाढालीची सूट ‘हो’ आहे की ‘नाही’, हे पहिल्याच पानांवर बघा. ‘नाही’ असेल आणि निकषात बसत नसाल, तर त्यावर वेळ घालवू नका. काम मिळाल्यावर द्यायची कामगिरी हमी मात्र माफ नसते, ती कंत्राटाच्या रकमेच्या साधारण ३ ते ५ टक्के धरा. नेटवर्कमध्ये बसणारं उपकरण असेल तर टीईसीचं (दूरसंचार विभागाच्या तांत्रिक केंद्राचं) प्रमाणपत्र आणि विश्वसनीय स्रोत (ट्रस्टेड सोर्स) म्हणून सरकारी मंजुरी उत्पादकाकडे आहे का, हे दर भरण्याआधी लेखी घ्या.

उपकंत्राट. काम लवकर मिळतं, कागद कमी लागतात. पण मूळ खात्याने उपकंत्राटाला लेखी मंजुरी दिली नसेल, तर तुमचा अनुभव पुढे बहुधा धरला जात नाही. ती मंजुरी आधी मागा. पैसा अडकतो तो मोजणीत. केबलच्या चराची नेहमीची खोली १६५ सेंमी. खडकात ती भरत नाही आणि माती टाकल्यावर वाद सुरू होतो. म्हणून चर बुजवण्याआधी, त्याच दिवशी संयुक्त मोजणीवर सह्या घ्या. ओटीडीआरच्या (फायबर तपासणाऱ्या यंत्राच्या) फायली स्वतःकडेही ठेवा. ‘आम्हाला बिल मिळालं की देऊ’ हे कलम करारात असेल तरी एमएसएमईडी कायद्यात (लघु उद्योगांच्या थकीत देयकांचाही कायदा), माल किंवा सेवा स्वीकारल्यावर, देयकाची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही; उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. मात्र उद्यम नोंदणी (लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) करार होण्याआधीची हवी, आणि निव्वळ वर्क्स कंत्राटाला हे संरक्षण मिळेलच असं न्यायालयीन निकालांवरून म्हणता येत नाही. त्यामुळे स्प्लायसिंग, चाचणी, देखभाल यांची ऑर्डर खोदाईपासून वेगळी करून घेणं फायद्याचं.

भागीदारी. निविदेने जॉइंट व्हेंचरला परवानगी दिली असेल तरच. वाट्याप्रमाणे अनुभव नावावर लागतो, पण जबाबदारी बहुधा संयुक्त आणि स्वतंत्र असते: जोडीदार पळाला तर पूर्ण दंड तुमच्यावर.

रोख दोन महिन्यांचीच असेल तर मंजुरी असलेलं उपकंत्राट घ्यावं. पाच-सहा महिने तग धरता येत असेल, तर जेमवरचं छोटं देखभाल कंत्राट आधी, कमी नफ्यातही, घ्यावं. भागीदारी त्यानंतर.