टूरचा शेवट कुठे: रोम की पॅरिस?

युरोपची बस-टूर ठरवताना आपण कोल्हापूरकर आधी जेवणाचं विचारतो. त्यापेक्षा टूर संपते कुठे, ते विचारा. आम्ही दोन्ही करून आलोय.

रोमला शेवट म्हणजे पायांची परीक्षा. मोठ्या बसला जुन्या शहरात मोकळं रान नाही; लांब उतरून दगडी फरसबंदीवरून चालायचं, तेही दहाव्या दिवशी, सुजलेल्या पायांनी. सेंट पीटर्स या मोठ्या चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात. सासूबाईंची नऊवारी तिथं बिनबोभाट पास, अर्ध्या चड्डीतले जावईबापू मात्र दारातच अडकले! पण कलोझियमसमोर उभं राहिल्यावर सासूबाई पाय दुखायचं विसरल्या, हेही खरं.

पॅरिसला बसून बघण्यासारखं जास्त. सीन नदीतली बोट, रात्री लखलखणारा ३३० मीटरचा आयफेल. अडचण एकच, खरेदी. भडंगाचा डबा रिकामा झाला की त्या जागी अत्तराच्या बाटल्या. शेवटच्या रात्री खोलीत हातकाट्याला बॅग लटकवून सगळे घामाघूम.

खरेदीवरचा कर परत मिळवायचा तर फ्रान्समध्ये एकाच दुकानात १०० युरोंच्या वर खरेदी लागते, इटलीत ७० च्या वर. युरोपीय संघ सोडताना कस्टमची नोंद करावी लागते, म्हणून विमानतळावर लवकर पोचा. दोन्हीकडे रांग तीच.

घरात वयस्कर कुणी असेल तर मी पॅरिसच घेईन. आणि मुंबईला उतरल्यावर कोल्हापूरची रात्रीची गाडी आधीच बुक करून ठेवा, बॅगा ओढत तिकीट शोधायचं त्राण उरत नाही.