चावरं पिल्लू आणि दोन गाठींची दोरी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जाड सुती दोरी, हातभर लांब, दोन्ही टोकांना गाठी. अडीचशे रुपयांना घेतली तेव्हा भुऱ्या जेमतेम नऊ आठवड्यांचा होता. देशी पिल्लू, सोसायटीच्या मागे भर पावसात एकटंच सापडलेलं. पिल्लं एकमेकांना चावतात, दुसरं केकाटलं की सोडतात, आणि दात किती जोराने लावायचा हे त्यातूनच शिकतात. भुऱ्याचं ते शिकणंच राहून गेलं होतं.

संध्याकाळचे सात वाजले की सुरू. सासूबाईंच्या निऱ्या, मुलीच्या पोटऱ्या, माझी मनगटं. दुधाचे 28 दात, एकेक सुईसारखा. हाक मारली तर कानसुद्धा हलायचा नाही. एका ट्रेनरने जबडा दाबून धरायला सांगितलं. चार दिवस तसं केलं आणि नुसता हात जवळ नेला तरी तो गुरगुरायला लागला. ते लगेच थांबवलं. त्या चार दिवसांचं मला आजही वाईट वाटतं.

दोरीने फरक पडला, पण पुढ्यात नुसती टाकून नाही. पडलेल्या दोरीकडे तो बघायचाही नाही. तीच फरशीवरून सापासारखी सरपटत लांब पळायला लागली की झेप! मग ओढाओढ. मधेच मी हात गुडघ्याला टेकवून दोरी अगदी स्थिर धरायची. ओढायचं नाही, बोलायचं नाही. पंधरा-वीस सेकंदांत त्याचा जबडा सैल पडायचा. त्याच क्षणी "शाब्बास, घे!" आणि खेळ पुन्हा चालू. सोडलं की खेळ परत मिळतो, हे त्याला आठवडाभरात कळलं. "सोड" हा शब्द त्यानंतर जोडला. कातडीला दात लागला तर दोरी उचलायची आणि अर्धा मिनिट दाराआड जायचं. हा नियम घरात सगळ्यांनी पाळला. सासूबाई तर त्याच्यासाठी कंबरेला एक चिंधी खोचून ठेवायच्या.

रागावताना नाव घेणं बंद केलं. एकदाच "भुऱ्या" म्हणायचं, वळून पाहिलं की उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. आधी स्वयंपाकघरात, मग जिन्यात, मग गेटपाशी.

सगळ्यात उशिरा लक्षात आली ती झोप. एवढ्या पिल्लाला दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते, आणि आमच्याकडे सतत ये-जा आणि टीव्ही. सातचा धिंगाणा थकव्याचा होता. साडेपाचलाच अंधाऱ्या खोलीत झोपवायला लागलो आणि निम्मं चावणं तिथेच संपलं.

दोरीतला दोष मोठा आहे. दोन महिन्यांत धागे सुटतात आणि गिळले तर आतड्यात अडकू शकतात. सुटे धागे कात्रीने कापा, खेळ झाला की दोरी उचलून ठेवा. आमची आता तिसरी चालू आहे. चौथ्या महिन्यात दात पडायला लागले तेव्हा ओढणं हलकं केलं. दोरी ओली करून फ्रीजरमध्ये ठेवायची आणि समोर बसून चघळायला द्यायची. आणि दात लागून रक्त आलं तर "पिल्लूच तर आहे" म्हणून सोडू नका. जखम साबणाने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. आम्ही गेलो होतो.

आज तो स्वतःच दोरी आणून माझ्या पायावर ठेवतो. मांजर दिसलं की मात्र अजून हाक ऐकू येत नाही, म्हणून रोज सकाळी मैदानावर लांब पट्टा लावून तेवढाच सराव चालू आहे.