सिम्प्लेक्स प्लस: आठ महिने शेतात फिरवल्यावर

मागच्या सप्टेंबरात मी एकाकडून वापरलेलं नोक्ता सिम्प्लेक्स प्लस घेतलं. हे मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू हुडकणारं मशीन. आता मे लागलाय, शेतात पीक गुडघ्याला आलंय आणि मशीन कपाटात गेलंय, म्हणून निवांत लिहायला बसले. आम्ही इंग्लंडमध्ये, सफक परगण्यात, इप्सविचजवळ राहतो. मेटल डिटेक्टिंग सुरू करायचं म्हटलं की ओळखीचे सगळे आधी विचारतात, "मशीन कुठलं घेऊ?" मी म्हणते, आधी शेत मिळवा.

इथे मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्याही जमिनीत डिटेक्टर फिरवता येत नाही. माझं मशीन पहिले सहा आठवडे खोक्यातच होतं. सात शेतकऱ्यांना हाताने पत्रं लिहिली. दोघांची उत्तरं आली, त्यातल्या एकाने घरी बोलावलं. म्हाताऱ्याने चहा दिला आणि तीनच गोष्टी विचारल्या: विमा आहे का, खड्डे बुजवणार का, आणि काही मोलाचं निघालं तर वाटणी कशी. विमा नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगच्या सभासदत्वातून मिळतो. वाटणी निम्मी-निम्मी, ती कागदावर लिहून दोघांनी सही केली. त्याआधी त्याचं शेत संरक्षित स्मारकाच्या हद्दीत येत नाही ना, हे नकाशावर पाहून घेतलं होतं. तशा जागी परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता मशीनबद्दल. वजन सुमारे १.३ किलो, पण पहिल्या आठवड्यात उजवा खांदा चांगलाच भरून आला. पट्टा सैल होता आणि दांडा लांब ठेवला होता, दोन्ही नीट केल्यावर त्रास गेला. बॅटरी आतच आहे, यूएसबीवर चार्ज होते, माझे दोन शनिवार निघतात. तीन मीटर पाण्यापर्यंत चालतं, त्यामुळे सफकच्या रिपरिप पावसात कधी घरी पळावं लागलं नाही. समुद्रकाठी मात्र विचार करून न्या. हे १२ किलोहर्ट्झच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं आणि खाऱ्या ओल्या वाळूत कुठलंही एका फ्रिक्वेन्सीचं मशीन कुरकुरतं. फेलिक्सस्टोला कोरड्या वाळूत छान चाललं, लाटांजवळ गेल्यावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे संकेत पकडण्याची तीव्रता, फारच खाली आणावी लागली. तुमचं फिरणं मुख्यतः किनाऱ्यावर असेल तर मल्टी-फ्रिक्वेन्सीसाठी पैसे साठवा.

खरा अभ्यास आवाजाचा. खाली कुठला धातू असेल त्याचा अंदाज म्हणून पडद्यावर ० ते ९९ आकडा येतो आणि नवशिक्याची नजर त्यालाच चिकटते. मीही दोन महिने आकडेच बघत होते. मग हळूहळू कान तयार झाला. गंजक्या खिळ्याचा आवाज घोगरा, तुटका येतो. एका बाजूने आकडा चांगला दिसतो, आपण नव्वद अंश फिरून पुन्हा कॉइल (दांड्याच्या टोकाची तबकडी) नेली की तो कोसळतो. नाण्याचा आवाज कुठूनही या, तसाच गोल आणि नेमका. फसवतं ते मोठं लोखंड. नांगराच्या फाळाचा तुकडा चांदीसारखा उंच सूर देतो, पण कॉइल दूर नेली तरी आवाज लांबत राहतो. एवढं कळलं की निम्मे खड्डे वाचतात.

कॉइल जमिनीला समांतर आणि अगदी जवळून, हळू फिरवायची. नांगरटीत ढेकळांमुळे ती सारखी उचलली जाते आणि तेवढी खोली हातची जाते. म्हणून कापणीनंतर, धसकटं बुटकी असताना किंवा पेरणीसाठी रान सपाट केल्यावर जाणं उत्तम. सुरुवातीलाच ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीनला तिथल्या मातीची सवय लावा. बटण दाबून धरायचं आणि कॉइल जमिनीजवळ वर-खाली करायची, अर्ध्या मिनिटाचं काम. विजेच्या तारांखाली मशीन बडबडायला लागलं तर सेन्सिटिव्हिटी दोन पायऱ्या उतरवा. पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, घ्याच. तो नसताना मी एका बटणासाठी वीस मिनिटं चिखल चिवडला होता. स्वस्तातला हेडफोन घेऊ नका, माझा तिसऱ्या आठवड्यात एका कानाने गेला.

पहिल्या दिवशी काडतुसांची पितळी बुडं, शिशाचे गोळे, पेयाच्या डब्यांच्या कड्या, बस. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी आकडा ८० च्या पुढे स्थिरावला. वीतभर खाली हिरवट-काळी चकती होती, जवळजवळ ३१ मिलिमीटरची. पंचम जॉर्जची पेनी, १९१२ ची. माती घासायची नसते हे माहीत होतं, म्हणून नुसती पाण्याखाली धरली. राजाच्या डोक्याभोवतीची अक्षरं एकेक करून वाचता आली आणि शेवटी आलं: "इंड: इंप:". म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. आमच्या घरी लक्ष्मीपूजनात ताम्हनात ठेवतात तो रुपयाही पंचम जॉर्जचाच. तिथे तो मुकुट घातलेला आहे, इथे उघड्या डोक्याचा. सफकच्या चिखलात उभं राहून मला आजीच्या देवघरातली हळद आठवली. या पेनीला बाजारात फारशी किंमत नाही. माझ्यासाठी ती या आठ महिन्यांतली सगळ्यात मोठी कमाई आहे.

जानेवारीत एक हलका, उड्या मारणारा आकडा आला. महिन्याभरापूर्वी मी तो सोडून दिला असता. निघाली नखाएवढी, अर्धी कापलेली चांदीची पेनी, तिसऱ्या हेन्रीच्या काळातली, १२४७ नंतरची. मागच्या बाजूचा लांब क्रॉस कडेपर्यंत जातो, त्या रेघेवर कापून लोक अर्ध्या पेनीची मोड करत. मी ती आमच्या भागातल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना) अधिकाऱ्याकडे नेली. नोंद झाली, जागेच्या अचूक खुणेसकट. असं एकटं नाणं कायद्याने 'ट्रेझर', म्हणजे गुप्तधन, ठरत नाही. पण एकाच जागी सोन्याचांदीची ३०० वर्षांहून जुनी दोन नाणी मिळाली, तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे १४ दिवसांत कॉरोनरला (अशा धनाची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) कळवावंच लागतं.

जागेच्या खुणेवर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. याच परगण्यात हॉक्सने गावी १९९२ च्या नोव्हेंबरात एरिक लॉज आपल्या एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होते आणि रोमन नाण्यांचा साठा लागला. त्यांनी सगळं उपसलं नाही, थांबून कळवलं. म्हणून पुरातत्त्वज्ञांना साठ्याच्या पेटीत काय कसं रचलं होतं तेही उमगलं. जवळपास १५ हजार नाणी निघाली, आणि तो हातोडाही आज ब्रिटिश म्युझियमकडे आहे. याउलट इथल्याच रेंडलशम गावी रात्री चोरून डिटेक्टर फिरवणाऱ्यांनी शेत पोखरायला घेतलं, तेव्हा मालकाने तक्रार केली आणि २००८ पासून पद्धतशीर पाहणी सुरू झाली. त्यातून अँग्लो-सॅक्सन राजवस्ती उजेडात आली. चोरांनी नेलेल्या वस्तू कुठल्या कोपऱ्यातल्या होत्या, ते मात्र कायमचं गेलं.

दिवाळीत जुन्नरहून मावसभावाचा फोन आला. "ताई, येताना ते मशीन आण, शिवनेरीच्या पायथ्याला फिरवू." मी स्पष्ट नाही म्हटलं. शिवनेरी संरक्षित स्मारक आहे. शिवाय १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. २०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या आसपास एक चित्रपट पाहून लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. ती दृश्यं पाहून माझ्या पोटात कालवलं होतं. एखादी शिवराई कुठल्या थरातून, कुठल्या बुरुजाखालून आली हे एकदा पुसलं की ती नुसतं तांबं उरते. हे त्याला सांगायला तासभर लागला, पण पटलं.

मशीन आठ महिन्यांत एकदाही बिघडलं नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला शेतासाठी मी हेच सुचवीन, वापरलेलं मिळालं तर आणखी बरं. परवा आमच्या म्हाताऱ्याचा फोन होता. ट्रॅक्टरच्या मागची पिन बांधालगत कुठेतरी पडली होती. मशीन ऑल मेटलवर, म्हणजे लोखंडही न गाळणाऱ्या सेटिंगवर, टाकून वीस मिनिटांत काढून दिली. ऑगस्टमध्ये कापणी झाली की पलीकडचं रानही बघ, म्हणालाय.