तिकीट खरं होतं

अमळनेरच्या एस.टी. डेपोत मी एकोणतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी फलाटाला लागायची वेळ वेगळी आणि सुटायची वेगळी, हे न कळणाऱ्या प्रवाशांवर मी जन्मभर डाफरलो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या सहलीत त्याच फरकात मी स्वतः सापडलो. हे सांगायला लाज वाटते. पण गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतले दोघे, आमची जहाजाची सहल ठरवून देणाऱ्या त्याच एजंट पोराकडे पैसे भरायला निघाले, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकावं.

पोरगा दाजींच्या नात्यातल्या कुणाच्या तरी ओळखीतला. जळगावात छोटा गाळा, काचेचं टेबल, भिंतीवर भलामोठा जहाजाचा फोटो. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. जाणारे चौघं: मी, आमची सौ., आक्का आणि दाजी. "काका, तुम्ही फक्त बॅगा भरा," म्हणाला. आठ दिवसांनी तिकीट आलं. पुण्याच्या पोरीने बुकिंग नंबर टाकून जहाज कंपनीच्या साइटवर पाहिलं. चौघांची नावं, वयं, केबिन, सगळं बरोबर. तिचा फोन आला, "पप्पा, तिकीट खरं आहे."

त्या एका वाक्याने आम्ही सगळे निर्धास्त झालो.

मग हळूहळू बाकीचं आलं. पोर्ट एंट्री आणि टॅक्स माणशी ९००. बंदराच्या आतलं पार्किंग, चार दिवसांचे २,४००. गोव्यात जहाजाकडूनच टूर, माणशी १,८००. एकूण १३,२००. पैसे यूपीआयने, तेही "आमच्या अकाउंटंटच्या नंबरवर". पावती लेटरहेडवर, खाली जीएसटी नंबर छापलेला. ज्याने तिकीट खरं दिलं तो पार्किंगमध्ये कशाला खोटं बोलेल? असं मी म्हणालो नाही, पण डोक्यात तेच होतं. तिकिटाच्या दुसऱ्या पानावर पोर्टचे चार्जेस आणि जीएसटी भाड्यात धरलेले आहेत, हे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ते आम्ही घरी परतल्यावर वाचलं.

लेटरहेडवर एक ओळ होती: "मुंबई, वेळ ५.००." मी फोन करून विचारलं, पाच म्हणजे काय? "आरामात पाचपर्यंत पोहोचा काका, जहाज काय एस.टी. आहे का!" यावर मी हसलोसुद्धा.

सकाळी साडेसहाला निघालो. धुळे, मालेगाव, नाशिक, मध्ये दोनदा चहा. इगतपुरीच्या अलीकडे झाडाखाली गाडी लावली, आक्काने दशम्यांचा डबा उघडला, शेंगदाण्याची चटणी काढली. पावणेबारा वाजले असतील. तेवढ्यात पोरीचा फोन. तिला सहज वेब चेक-इन करावंसं वाटलं म्हणून तिने साइट उघडली, तर तिथे स्पष्ट लिहिलेलं: पाचला जहाज निघणार, पण चेक-इन अडीचला बंद. प्रवाशांची यादी पक्की करून आधीच द्यावी लागते, बॅगा एक्स-रेतून जायच्या असतात. त्यामुळे अडीचनंतर तिकीट हातात असलं तरी आत घेत नाहीत. आपल्याकडे बेल दिल्यावरही धावत येऊन दांडा धरणारे असतात. तिथे तसलं काही चालत नाही.

डबा तसाच बंद केला. इगतपुरीला समृद्धीवर चढलो. हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ ला सुरू झाला, तो नसता तर आम्ही कसारा घाटातच अडकलो असतो. आमण्याला उतरलो आणि पुढे भिवंडी-माजिवड्याच्या ट्रकांत पाऊण तास गेला. दाजी पुढच्या सीटवर नुसतं घड्याळ बघत होते. कुणी बोलेना. मग चेंबूरहून फ्रीवे, ऑरेंज गेटपाशी खाली, आणि बॅलार्ड पिअरच्या ग्रीन गेटवर दोन वाजून पाच मिनिटं.

एवढी घाई झाली नसती तर पुढचं घडलंच नसतं, असं मला आता वाटतं. गेटबाहेर एक तिशीतला माणूस माझ्या नावाचा कागद धरून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी, ते उलटं लटकलेलं. "लेट झालात काका. आत पास लागतो, तुम्हाला गाडी नेता येणार नाही. चावी द्या, मी लावतो." मी विचारलं, जागा कुठे? त्याने गेटच्या दिशेने हात केला. दाजी बॅगा काढत होते, आक्का "चला, चला" करत होती. त्याने फाडून दिलेल्या चिठ्ठीवर गाडीचा नंबर आणि इंग्रजी पी, बस्स. पत्ता नाही, शिक्का नाही. मी चावी दिली. फक्त जुनी खोड म्हणून देण्याआधी डायरीत किलोमीटर टिपले: ४८,३७२. आमच्याकडे लॉगशीट भरल्याशिवाय चालक गाडी सोडत नाही, तो हात अजून तसाच चालतो.

दशम्या सुरक्षा तपासणीत काढून घेतल्या. बाहेरचं खाणं चालत नाही. आक्काला त्या डब्याचं दुःख गाडीपेक्षा जास्त आहे, आजही.

जहाजाबद्दल तक्रार नाही. सूर्यास्त पाहिला, जेवण उत्तम, दाजी तर रात्री नाचलेसुद्धा. किनारा सुटला की फोनची रेंज जाते आणि जहाजावरचं वायफाय पैसे मोजून घ्यावं लागतं. आम्ही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगावचा किनारा दिसायला लागला आणि चौघांचे फोन एकदम टुणटुणायला लागले. माझ्या फोनवर फास्टॅगचे मेसेज. पहिला समृद्धीचा, तो ठीक. दुसरा अटल सेतूचा, आदल्या संध्याकाळी ७.४० चा. तिसरा खालापूर टोल नाक्याचा.

सौ.ला दाखवले. तिने चष्मा लावून दोनदा वाचले आणि शांतपणे म्हणाली, "आपली गाडीबी फिराले गयी."

जळगावच्या पोराचा फोन बंद. चिठ्ठी देणाऱ्याचा लागला, तो म्हणाला सिस्टीमचा घोळ असेल, गाडी डोळ्यांसमोर उभी आहे. फोटो पाठव म्हटलं तर "पाठवतो" म्हणाला. आला नाहीच.

गोव्याच्या टूरचं थोडक्यात सांगतो. जहाजावरच्या टूरच्या काउंटरवर आमच्या नावाने काहीच नव्हतं. तिथल्या मुलीने नीट समजावलं, आणि तिचं बोलणं मला सगळ्यात कामाचं वाटलं. जहाजाने नेलेली टूर उशिरा परतली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. स्वतः ठरवून गेलात तर थांबत नाही. शिवाय 'परत चढण्याची वेळ' आणि 'निघण्याची वेळ' वेगळ्या असतात, पाळायची ती पहिली. पुन्हा तोच धडा, चोवीस तासांत दुसऱ्यांदा. बंदराच्या गेटबाहेर आमच्या नावाचा कागद घेऊन एक टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती. ठरलं होतं जुनं गोवं आणि मंगेशी. प्रत्यक्षात पहिला तास काजूच्या दुकानात गेला, मग शंखशिंपल्यांच्या दुकानात. ड्रायव्हर आत मालकाशी गप्पा मारत बसलेला, दर गिऱ्हाइकामागे त्याचं काय असतं ते सांगायला नको. जुन्या गोव्याचं चर्च बाहेरून दाखवलं. मंगेशीला "आता वेळ नाही" म्हणाला. तिथून बंदर तीसेक किलोमीटर. मी मनात फेरीचं टाइमटेबल मांडलं, त्याच्या तिसऱ्या दुकानासमोर उतरलो आणि टॅक्सी केली. सांगेल ते भाडं दिलं. आक्काने मंगेशीला टॅक्सीतूनच हात जोडले, दिशा विचारून.

चौथ्या दिवशी सकाळी मुंबई. बाहेर आलो तर माणूस नाही. अर्ध्या तासाने फोन उचलला, "ट्रॅफिकमध्ये आहे." माझी गाडी बंदराच्या आत उभी असेल तर तो कुठल्या ट्रॅफिकमध्ये? अडीच तास फुटपाथवर बॅगांवर बसलो. गाडी आली ती रस्त्याच्या बाजूने, गेटच्या आतून नव्हे. दुसराच पोरगा चालवत होता, चावी हातात देऊन निघून गेला. किलोमीटर ४८,५८६. म्हणजे २१४ किलोमीटर. ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली, मी सहा फुटी माणूस, गुडघे स्टिअरिंगला लागले. मागे वेफर्सची पाकिटं, आणि सीटच्या फटीत एका लहान मुलाचा गुलाबी मोजा. कुणीतरी बिचारं कुटुंब भाडं देऊन आमच्या गाडीतून लोणावळ्याला जाऊन आलं होतं. त्यांनाही काही माहीत नसणार. रस्त्यात अपघात झाला असता तर? खासगी गाडी भाड्याने चालवलेली, विमा कंपनीने हात वर केले असते आणि आरसी बुकावर नाव माझं.

पोलिसांत गेलो. हवालदार भला माणूस होता, पण त्याने पहिलाच प्रश्न केला, "तिकीट खरं होतं ना?" होतं. "जहाजावर गेलात ना?" गेलो. मग तक्रार नेमकी कशाची, हे सांगताना मीच अडखळलो. दोन दिवसांनी जळगावच्या पोराने फोन उचलला, तेव्हा तोही तेच म्हणाला. "तिकीट तर खरं होतं ना काका? बाकी वेंडरचं आहे." या धंद्याची खुबी मला तेव्हा कळली. ज्या वस्तूची खातरजमा तुम्ही करणार, ती तो खरीच देतो. खोटं सगळं तिच्या आजूबाजूला बसवलेलं असतं.

पुरावे मात्र आपोआप जमत गेले. फास्टॅगचे मेसेज, डायरी, आणि तीन आठवड्यांनी एक्सप्रेसवेच्या कॅमेऱ्याचं ई-चलान: वेगमर्यादा ओलांडली, दंड दोन हजार. त्यावरच्या फोटोत आमची एमएच १९ वाली पाटी स्वच्छ दिसते, खाली तारीख आणि वेळ. त्या वेळी मी समुद्रात होतो आणि जहाजाकडे त्याची नोंद आहे. दंडाची पावती पाहून एवढा खूश झालेला माणूस अमळनेरात मी एकटाच असेन. पावतीवरच्या जीएसटी नंबराचं पोरीने पाहिलं. खरा नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. याचा २७ ने सुरू होत होता, पण अक्षरं चौदाच. मोजायला किती वेळ लागतो? पैसे देण्याआधी जीएसटीच्या साइटवर टाकला असता तर तिथेच कळलं असतं.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, पण पैसे जाऊन महिना उलटला होता. तिथे तक्रार तातडीने केली तरच खात्यात पैसे अडवता येतात. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून कळलं की ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, मुंबईला खेटे नकोत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकिलामार्फत नोटीस गेली, तेव्हा गोव्याच्या टूरचे ७,२०० मुकाट्याने परत आले. पार्किंगचे आणि त्या बनावट टॅक्सचे सहा हजार अजून अडकलेत.

पुन्हा जायचं झालं तर मी गाडी नेणारच नाही. जळगावहून रात्री अमरावती-मुंबईत बसलं की सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर. गाडी न्यायचीच असेल तर कल्याण-ठाण्याला कुणा नातेवाइकाच्या सोसायटीत लावावी आणि चावी खिशात ठेवावी. चावी मागणाऱ्याला पार्किंगचा पत्ता विचारा आणि स्वतः जाऊन गाडी लावा. वेळ फक्त जहाज कंपनीच्या साइटवरची धरा. टूर जहाजाच्या काउंटरवर घ्या, नाहीतर आपली आपण ठरवून निम्मा दिवस आधीच परत या. आणि घरच्या दशम्या गेटच्या आधीच खाऊन घ्या.

मागच्या आठवड्यात त्या पोराच्या स्टेटसला लक्षद्वीपची जाहिरात होती, "पार्किंग आमच्याकडून मोफत". दाजींनी ती मला पाठवली, वर काहीच न लिहिता.

नोटिशीला त्याच्या वकिलाचं उत्तर आलंय. दोन पानांत बहुतेक सगळं नाकारलं आहे. एक वाक्य मात्र असं आहे की तक्रारदाराने गाडीची चावी स्वखुशीने दिली. त्यावर आमच्या वकिलाने विचारलं, हे नाकारायचं का? मी म्हटलं, नको, दिली तर मीच होती.